पहिली स्ट्रिप देण्याआधी : इंदूरच्या मराठी औषध विक्रेत्यांना खुलं पत्र

प्रति,
इंदूर शहरातले सर्व मराठी औषध विक्रेते आणि काउंटरवर उभे राहणारे फार्मासिस्ट बंधू-भगिनी,

सप्रेम नमस्कार.

केस गळण्यावरच्या पोटात घ्यायच्या गोळ्या आपल्या शहरात चिठ्ठीशिवाय सर्रास विकल्या जात आहेत. ते थांबवावं, ही विनंती करायला मी हे पत्र लिहिते आहे. भंवरकुआँच्या कोचिंग क्लासमधली मुलं असोत की विजयनगरच्या ऑफिसांमधली, फिनास्टेराइड आणि मिनॉक्सिडिल ही नावं आता विशीतल्या पोरांना तोंडपाठ आहेत. मोबाइलवरचा फोटो पुढे करायचा, ‘यह वाला एक पत्ता’ म्हणायचं, पैसे द्यायचे आणि निघायचं. वय, आजार, चालू औषधं, यातलं काहीही कुणी विचारत नाही.

मी रुग्णालयाच्या औषधालयात नोकरी करून निवृत्त झालेली फार्मासिस्ट आहे. तुमच्यापैकी काही जण माझ्या ओळखीचे आहेत, काहींचे वडील माझ्या ओळखीचे होते. लग्नकार्यात, हळदीकुंकवाला, गणपतीच्या मंडपात लोक मला बाजूला घेऊन औषधांबद्दल विचारतात. पूर्वी शुगर आणि बीपीचे प्रश्न असायचे. आता निम्मे प्रश्न केसांचे असतात, आणि बहुतेक वेळा विचारणाऱ्याने गोळी आधीच सुरू केलेली असते.

मी या औषधांच्या विरोधात नाही. फिनास्टेराइड योग्य माणसाला, योग्य निदानानंतर दिलं तर उपयोगी पडतं. पुरुषांच्या आनुवंशिक टकलासाठी १ मिलिग्रॅमच्या गोळीला अमेरिकेत १९९७ साली मंजुरी मिळाली. त्याआधी १,५५३ पुरुषांवर झालेल्या चाचण्यांत दोन वर्षांनी केस मोजले, तेव्हा गोळी घेणाऱ्यांपैकी १७ टक्क्यांचे केस कमी झालेले होते आणि नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांपैकी ७२ टक्क्यांचे. हा फरक मोठा आहे. वडिलांचं आणि मामांचं टक्कल लहानपणापासून पाहिलेल्या मुलाला अशा गोळीची ओढ वाटली, तर मी त्याला नावं ठेवणार नाही. आपल्या समाजात वधू-वर मेळाव्याच्या फॉर्मवरचा फोटो किती बारकाईने पाहिला जातो, हे आपल्याला ठाऊक आहे. त्या मुलाचं दुःख खरं असतं, म्हणूनच त्याला हातात नुसती स्ट्रिप देऊन वाटेला लावू नये असं मला मनापासून वाटतं.

केस गळणं हा काही एकच आजार नाही. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि रोज पन्नास ते शंभर गळणं स्वाभाविक आहे. टायफॉइड, डेंग्यू, बाळंतपण, मोठं ऑपरेशन, झपाट्याने उतरवलेलं वजन, असं काही झालं की पुष्कळ केस एकदमच विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ गळू लागतात. हॉस्टेलवरचा मुलगा श्रावणात डेंग्यूने आजारी पडतो आणि दिवाळीच्या सुमाराला उशीवर केस दिसू लागतात. तोवर डेंग्यू विसरलेला असतो. तो मेडिकलमध्ये येतो आणि फिनास्टेराइड मागतो. असं गळणं बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबतं आणि केस परत येतात. पण त्याने गोळी सुरू केलेली असल्यामुळे श्रेय गोळीला जातं. मग ती थांबवायची भीती वाटते. ज्या औषधाची त्याला कधी गरजच नव्हती ते तो वर्षानुवर्षं घेत राहतो, आणि त्याचे सगळे धोके मात्र पत्करतो. हे नुकसान कुठल्याही नोंदवहीत येत नाही.

त्याच काउंटरवर येणाऱ्या मुलीचं हिमोग्लोबिन कमी असेल, फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तळाला गेलं असेल, थायरॉइड बिघडलं असेल. डोक्यावर नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा पडला असेल तर ती चाई आहे. तिचं कारण, उपचार आणि धोके अगदी वेगळे आहेत. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये काही दिवसांत लोकांचे केस झडू लागले, ते आपण बातम्यांत पाहिलं. तिथे संशयाची सुई शरीरात गेलेल्या जास्तीच्या सेलेनियमकडे वळली. त्या गावांत कुणी फिनास्टेराइड वाटलं असतं तर काय उपयोग झाला असता? आधी कारण शोधायचं असतं. आणि ते काउंटरवरून दिसत नाही. त्यासाठी डोकं उजेडात पाहावं लागतं, कधी रक्त तपासावं लागतं.

फिनास्टेराइडबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण घरात सगळ्यात जास्त घोळ याच गोळीचा होतो.

डोमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांत जन्मतः मुली समजली गेलेली मुलं वयात येताना मुलगे असल्याचं दिसू लागे. १९७४ साली डॉ. ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यामागचं कारण प्रसिद्ध केलं. टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी हे जास्त प्रभावी संप्रेरक बनवणारं एन्झाइम या मुलांमध्ये पुरेसं नव्हतं. मोठेपणी त्यांची प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी, लहानच राहायची आणि त्यांना पुरुषी टक्कल पडत नसे. फिनास्टेराइड हेच एन्झाइम अडवतं. म्हणून आधी १९९२ मध्ये प्रोस्टेट वाढण्यावर ५ मिलिग्रॅमची गोळी आली आणि पाच वर्षांनी केसांसाठी १ मिलिग्रॅमची.

आता हाच इतिहास गर्भवती बाईच्या बाजूने वाचा. पोटातल्या मुलग्याची बाह्य जननेंद्रियं नीट घडायला डीएचटी लागतं. त्या काळात आईच्या शरीरात फिनास्टेराइड गेलं, तर त्या घडणीत दोष राहू शकतो. म्हणून गर्भवती किंवा गर्भधारणेची शक्यता असलेल्या बाईने ही गोळी घेऊ नये, आणि तुटलेल्या किंवा चुरडलेल्या गोळीला हातसुद्धा लावू नये. अखंड गोळीवर आवरण असतं, त्यामुळे नेहमीच्या हाताळणीत औषध अंगाला लागत नाही. ती फोडली की ते संरक्षण संपतं.

आणि आपल्याकडे गोळ्या कुठे फोडल्या जातात? स्वयंपाकघरात. केसांसाठी १ मिलिग्रॅमची गोळी महाग पडते म्हणून ५ मिलिग्रॅमची घ्यायची आणि तिचे चार तुकडे करायचे, हा सल्ला मी माझ्या कानांनी ऐकला आहे, तोही काउंटरच्या आतून. मोजून तुकडे करण्याचं काम घरात कोण करतं? नवऱ्याच्या डब्यापासून सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्यांपर्यंत सगळ्याची काळजी जी घेते तीच. माझ्या नात्यातली एक मुलगी तीन महिन्यांची गरोदर होती आणि रोज रात्री नवऱ्यासाठी गोळीचे तुकडे करून वाटीत ठेवत होती. तिला कुणी काहीच सांगितलं नव्हतं. ज्या दुकानातून गोळी आणली तिथे ‘घरात कुणी गरोदर आहे का’ हा एक प्रश्न विचारला असता तर पुरलं असतं. बाळ सुखरूप जन्मलं, पण ते महिने तिने ज्या धास्तीत काढले ते मी जवळून पाहिले आहेत.

पुरुषांच्या स्वतःच्या तक्रारींकडे येते. कामेच्छा कमी होणं, ताठरता कमी होणं, वीर्य कमी येणं, या तक्रारी चाचण्यांमध्ये गोळी घेणाऱ्यांपैकी ३.८ टक्क्यांनी केल्या आणि साखरेची गोळी घेणाऱ्यांपैकी २.१ टक्क्यांनी. म्हणजे बहुतेकांना त्रास होत नाही. पण ज्याला होतो तो कुणाशी बोलणार? वडिलांशी नाही, मित्रांशी नाही, बायकोशी तर अजिबात नाही. कारण गोळी आहे हेच त्याला माहीत नसेल, तर तो स्वतःलाच दोष देत बसतो. बऱ्याच जणांचा त्रास गोळी थांबवल्यावर जातो. काहींनी मात्र नंतरही तो टिकल्याचं कळवलं आहे, आणि २०१२ पासून अमेरिकेत औषधाच्या माहितीपत्रकात तशी नोंद आहे.

काही सहकारी म्हणतात, ‘सांगितलं की भीती बसते आणि त्या भीतीनेच त्रास होतो.’ यात तथ्य आहे. प्रोस्टेटसाठी हीच गोळी घेणाऱ्यांवर असा अभ्यास झाला आहे, आणि ज्यांना दुष्परिणाम आधी सांगितले त्यांच्यात तक्रारी कितीतरी जास्त आढळल्या. पण म्हणून गप्प राहायचं असा याचा अर्थ मी तरी लावणार नाही. सांगण्याची पद्धत बदलायची. ‘बहुतेकांना काही होत नाही. तुम्हाला काही वेगळं वाटलं तर लपवू नका, डॉक्टरांना सांगा, ते मार्ग काढतील.’ एवढंच, आवाज खाली ठेवून, मागच्या गिऱ्हाइकाला ऐकू जाणार नाही अशा बेताने.

मनाच्या तब्येतीबद्दल मात्र मी तुमच्याकडे जास्त आग्रह धरणार आहे. फिनास्टेराइड घेणाऱ्यांमध्ये नैराश्याच्या आणि आत्महत्येच्या विचारांच्या नोंदी जगभरातून येत राहिल्या. २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने केसांच्या गोळीच्या माहितीपत्रकात आत्महत्येच्या विचारांच्या नोंदींचा समावेश केला. २०२४ मध्ये ब्रिटनने पाकिटासोबत सावधगिरीचं कार्ड द्यायचं ठरवलं. मे २०२५ मध्ये युरोपीय औषध संस्थेच्या सुरक्षा समितीने आत्महत्येचे विचार हा या गोळ्यांचा दुष्परिणाम असल्याचं मान्य केलं. तो किती जणांना होतो, हे त्यांनाही सांगता आलेलं नाही. इंदूर हे घरापासून लांब येऊन स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांचं शहर आहे. खोलीत एकटा राहणारा, दोनदा नापास झालेला, झोप उडालेला मुलगा आणि त्यात ही गोळी, हे चित्र मला अस्वस्थ करतं. त्याला आधीपासून नैराश्य आहे का, हे विचारणं डॉक्टरांचं काम आहे. पण चिठ्ठीच नसेल तर तो डॉक्टरांपर्यंत पोहोचलेलाच नसतो. मग निदान ‘मन उदास राहायला लागलं, नको ते विचार यायला लागले, तर गोळी थांबवा आणि लगेच डॉक्टरांना भेटा’ हे वाक्य त्याला कोण सांगणार? त्याच्या आणि गोळीच्या मध्ये तुमच्याशिवाय दुसरं माणूसच नाही.

पन्नाशी ओलांडलेल्या काकांसाठीही एक गोष्ट आहे. फिनास्टेराइडमुळे रक्तातलं पीएसए साधारण निम्म्यावर येतं. प्रोस्टेटच्या कर्करोगाचा संशय घ्यायला हीच तपासणी वापरतात. काका ‘फुल बॉडी चेकअप’चं पॅकेज करून घेतात, आकडा छान दिसतो, आणि ते केसांची गोळी घेतात हे तपासणाऱ्याला ठाऊक नसतं. ते सांगितलं तर डॉक्टर आकडा दुप्पट धरून विचार करतात. आणि मंडळांच्या रक्तदान शिबिरांत उत्साहाने पुढे येणाऱ्या तरुणांसाठी : फिनास्टेराइड थांबवून एक महिना आणि त्याच घराण्यातलं ड्युटास्टेराइड थांबवून सहा महिने होईपर्यंत रक्त द्यायचं नसतं, कारण ते रक्त एखाद्या गर्भवतीला चढू शकतं. ड्युटास्टेराइड शरीरात फार काळ रेंगाळतं, शेवटच्या गोळीनंतर काही महिने. केसांसाठी त्याला दक्षिण कोरिया आणि जपानमध्ये मान्यता आहे, अमेरिकेत नाही. तरीही हल्ली ‘जास्त ताकदीची’ म्हणून हीच गोळी मागितली जाते.

मिनॉक्सिडिलचा धोका वेगळ्या जातीचा आहे. हे मुळात रक्तदाबाचं औषध. १९७९ साली अमेरिकेत त्याची गोळी आली ती इतर कुठल्याच औषधाला दाद न देणाऱ्या रक्तदाबासाठी, आणि तिच्या माहितीपत्रकात सुरुवातीलाच चौकटीत इशारा होता : हृदयाभोवती पाणी साठू शकतं, छातीतलं दुखणं वाढू शकतं. रुग्णांच्या अंगावर केस वाढलेले दिसले म्हणून पुढे डोक्याला लावायचं द्रावण निघालं, १९८८ मध्ये. आता त्वचारोगतज्ज्ञ हीच गोळी अगदी कमी मात्रेत केसांसाठी देतात. रक्तदाबासाठी दिवसाला १० ते ४० मिलिग्रॅम लागायचं, तिथे केसांसाठी पुरुषांना बहुधा अडीच ते पाच आणि बायकांना त्याहून बरंच कमी, कधी पाव मिलिग्रॅमपासून सुरुवात. केसांसाठी या गोळीला अधिकृत मंजुरी नाही. डॉक्टर आपल्या जबाबदारीवर, माणूस पाहून ती देतात.

कमी मात्रेत ती बऱ्यापैकी सुरक्षित आहे. १,४०४ रुग्णांची माहिती एकत्र करून २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १५ टक्क्यांना चेहऱ्यावर किंवा अंगावर नको तिथे केस आले. चक्कर, पायांवर सूज, धडधड हे त्रास प्रत्येकी दोन टक्क्यांहून कमी लोकांना झाले. पण हे सगळे रुग्ण डॉक्टरांच्या नजरेखाली होते. ज्यांना ही गोळी द्यायला नको ते आधीच बाजूला काढलेले होते, आणि मात्रा ठरवून दिलेली होती. आपल्या काउंटरवर ती गाळणी कोण लावतं? रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन घेणाऱ्या पंचेचाळीस वर्षांच्या गृहस्थांच्या पायावर आधीच थोडी सूज असते. त्यात मिनॉक्सिडिल आलं की सूज वाढते, दाब आणखी उतरतो, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. त्यांच्या बीपीच्या डॉक्टरांना केसांच्या गोळीचा पत्ताच नसतो. ते सूज उतरवायला आणखी एक गोळी लिहितात. किडनीचा आजार, हृदयाचा जुना त्रास, छातीत दुखण्याचा इतिहास असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय या गोळीच्या वाटेला जाऊ नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनीही नाही.

शिवाय ताकदीचा गोंधळ आहे. एकाच औषधाच्या वेगवेगळ्या ताकदीच्या गोळ्या बाजारात आहेत. नाव बरोबर आणि मिलिग्रॅम चुकलेले, अशी चूक गर्दीच्या वेळी सहज होते. त्यातच डोक्याला लावायच्या काही द्रावणांत मिनॉक्सिडिल आणि फिनास्टेराइड दोन्ही असतात, तरी तेच गिऱ्हाईक पोटातूनही दोन्ही घेत असतं. २०१९ मध्ये स्पेनमध्ये ओमेप्राझोल हे अ‍ॅसिडिटीचं औषध समजून लहान बाळांना मिनॉक्सिडिल दिलं गेलं. वेष्टनाच्या पातळीवरच अदलाबदल झाली होती. त्या बाळांच्या कपाळावर, गालांवर, पाठीवर दाट केस उगवले. औषध थांबवल्यावर ते गळाले, पण आपल्या व्यवसायातल्या प्रत्येकाने ही घटना लक्षात ठेवावी अशी आहे.

बायकांबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण त्यांचं केस गळणं आपल्याकडे अजून ‘तेल लावत नाहीस म्हणून’ या वाक्यापाशी थांबतं. मग त्या नवऱ्याच्याच स्ट्रिपमधली गोळी घेतात. मूल होण्याच्या वयात फिनास्टेराइड बाईसाठी नाही. स्पायरोनोलॅक्टोन काही जणींना डॉक्टर देतात, पण तेही गर्भारपणात चालत नाही आणि काहींच्या बाबतीत पोटॅशियमवर लक्ष ठेवावं लागतं. पाळी अनियमित असेल, चेहऱ्यावर केस वाढत असतील, तर आधी पीसीओएसची, म्हणजे अंडाशयाशी संबंधित संप्रेरकांच्या बिघाडाची, तपासणी. या साध्या वाक्याने कितीतरी मुलींचे पैसे आणि वर्षं वाचतील.

चाईवर बॅरिसिटिनिबसारख्या गोळ्या आल्या आहेत. अमेरिकेत २०२२ मध्ये तिला मान्यता मिळाली. टोफासिटिनिबही त्याच घराण्यातली. ही औषधं शरीराची प्रतिकारशक्ती दाबतात, आणि आपल्या देशात क्षयरोग किती आहे हे सांगायला नको. टीबीची तपासणी केल्याशिवाय ती कुणालाही देणं मला अक्षम्य वाटतं.

आणि ती रंगीत, गोड, बायोटिन या जीवनसत्त्वाची गमी. तिच्यासाठी चिठ्ठी लागत नाही, पण एक गोष्ट सांगणं लागतं. जास्त मात्रेतलं बायोटिन रक्ताच्या काही तपासण्या बिघडवतं. थायरॉइडचे आकडे चुकतात आणि हृदयविकाराच्या झटक्यात पाहिलं जाणारं ट्रोपोनिन खोटं कमी दिसू शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला तेव्हा एका रुग्णाच्या मृत्यूचा उल्लेखही केला होता. केस का गळतात म्हणून थायरॉइड तपासायचं आणि केसांच्याच गोळीमुळे तो अहवाल चुकायचा, हे आजही घडतं आहे.

तुमची अडचण मला कळते. तुम्ही चिठ्ठी मागाल आणि गिऱ्हाईक चार पावलांवरच्या दुसऱ्या मेडिकलमध्ये जाईल. किंवा मोबाइलवर मागवेल, तिथे दोन प्रश्नांची उत्तरं टिचकीसरशी दिली की चिठ्ठी तयार होते. दुकानाचं भाडं, पोरांचे पगार, मोठ्या साखळी दुकानांची सूट, या सगळ्यात तुम्ही पिचलेले आहात. म्हणूनच हे पत्र मी एका दुकानाला न लिहिता सगळ्यांना लिहिते आहे. रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर, टिळकनगर या वस्त्यांतल्या मराठी दुकानदारांनी मिळून एवढंच ठरवलं की केसांच्या या गोळ्यांची पहिली स्ट्रिप चिठ्ठीशिवाय जाणार नाही, तर त्या वस्तीत ‘शेजारचं दुकान’ ही पळवाट उरत नाही. आणि केसांची गोळी वर्ष-वर्ष चालणारी असते. तिचा परिणाम दिसायलाच तीन ते सहा महिने लागतात. जो दुकानदार पहिल्या दिवशी दोन मिनिटं नीट बोलतो, त्याच्याकडे तो माणूस पुढची सगळी वर्षं येतो. मोबाइलवरचं अ‍ॅप त्याला हे देऊ शकत नाही.

कायद्याची आठवण करून देताना मला संकोच वाटतो, कारण तुम्ही तो माझ्याइतकाच जाणता. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४०चा, त्याखालचे नियम १९४५चे. फिनास्टेराइड आणि मिनॉक्सिडिल दोन्ही शेड्यूल एचमध्ये आहेत. नियम ६५ सांगतो की अशी औषधं नोंदणीकृत डॉक्टरांच्या सही-तारखेच्या चिठ्ठीवर, नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच द्यायची, आणि डॉक्टरांनी तसं लिहिलेलं नसेल तर त्याच चिठ्ठीवर पुन्हा द्यायची नाहीत. फार्मसी कौन्सिलच्या २०१५च्या नियमावलीने रुग्णाशी बोलणं, त्याला समजावणं हे फार्मासिस्टचं कर्तव्य म्हणून नोंदवलं आहे. भिंतीवर फ्रेममध्ये लावलेलं प्रमाणपत्र ज्याचं आहे, तो माणूस दुकानात असावा, एवढी तर अपेक्षा धरायला हरकत नाही. आपल्याच शहरात गोविंदराम सेकसरिया संस्थेत आणि देवी अहिल्या विद्यापीठात फार्मसी शिकवली जाते. तिथून बाहेर पडणाऱ्या मुलांना आपण काउंटरवर फक्त बारकोड मारायला उभं करत असू, तर चार वर्षांचं त्यांचं शिक्षण वाया जातं.

डॉक्टरांची फी परवडत नाही हे उत्तर मी पुष्कळदा ऐकते. एम. वाय. या सरकारी रुग्णालयात त्वचारोगाची ओपीडी आहे. रांग असते, अर्धा दिवस जातो, हे मान्य. पण तो अर्धा दिवस पुढच्या अनेक महिन्यांच्या गोळ्यांच्या खर्चासमोर फार नाही. तुमच्या दुकानात एका कागदावर तिथली वेळ लिहून ठेवलीत तर निम्मं काम होईल.

आता प्रत्यक्ष काय करावं, याबद्दल. ज्याच्याकडे चिठ्ठी आहे, त्यालाही पहिल्या वेळी थोडं थांबवा. केस गळायला लागण्याआधीच्या तीन महिन्यांत मोठा ताप किंवा आजारपण झालं होतं का. घरात कुणी गरोदर आहे का, किंवा तसा विचार आहे का. बीपीची, हृदयाची, किडनीची काही औषधं चालू आहेत का. झोप आणि मन ठीक आहे ना. उत्तर खटकलं तर गोळी द्यायच्या आधी डॉक्टरांना फोन करा. गोळी फोडू नका, घरी फोडायला सांगू नका. स्ट्रिपवर मात्रा स्वच्छ अक्षरात लिहा, कारण घरी गेल्यावर ती सगळ्यांच्या हाताला लागते. सुरुवातीच्या काही आठवड्यांत केस आणखी गळू शकतात हेही सांगा, नाहीतर घाबरून तो मात्रा दुप्पट करतो. आणि कुणी त्रास घेऊन परत आला, तर त्याला दुसरा ब्रँड पुढे करू नका. त्या त्रासाची नोंद करा. गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडून देशभर औषधसुरक्षेचं काम चालतं. त्यांचा टोल-फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे. तिथे फार्मासिस्ट नोंद करू शकतो आणि रुग्ण स्वतःही. आपल्या शहरातून अशा नोंदी गेल्या तरच इथल्या मुलांना काय होतं हे कुणाला कळेल.

दवा बाजारातल्या घाऊक व्यापाऱ्यांनाही हे पत्र वाचायला द्यावं अशी विनंती. ‘या महिन्यात केसांच्या गोळ्यांवर स्कीम’ असा निरोप आला की किरकोळ दुकानदारावर माल खपवायचा दाब येतो. शेड्यूल एचच्या औषधांवर अशी स्कीम घेणं आपण सगळ्यांनी मिळून नाकारावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

वर लिहिलेलं सगळं एका पानात, मोठ्या अक्षरात, एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला हिंदी, असा कागद मी तयार करते आहे. तो त्वचारोगतज्ज्ञांकडून तपासून घेतल्यावरच तुमच्याकडे येईल. छपाईचा खर्च मी करीन. पहिल्या स्ट्रिपसोबत तो पिशवीत घालायचा, एवढंच तुमच्याकडे मागते आहे. ज्यांची तयारी असेल त्यांनी आपल्या वस्तीतल्या मराठी मंडळाकडे नाव द्यावं, म्हणजे किती प्रती छापायच्या ते मला कळेल. गणेशोत्सवाच्या आधी हे जमलं तर मंडळांच्या रक्तदान शिबिरांतही तोच कागद नोंदणीच्या टेबलावर ठेवता येईल.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त फार्मासिस्ट
लोकमान्यनगर, इंदूर